बाह्यरुग्ण विभागातील संगणकीकृत रुग्णनोंद

आरोग्यसेवेचा विषय निघाला की रुग्णालयातील खाटा, शस्त्रक्रियागृहे आणि अतिदक्षता विभाग यांचीच चर्चा प्रामुख्याने होते. प्रत्यक्षात बहुसंख्य नागरिकांचा या व्यवस्थेशी संबंध येतो तो बाह्यरुग्ण विभागात, म्हणजेच ओपीडीत. ताप आणि खोकला, गर्भवतीची नियमित तपासणी, मधुमेहाच्या गोळ्या, क्षयरोगानंतरचा पाठपुरावा ही सारी कामे तेथेच होतात. नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या ओपीडीत दररोज दहा हजारांहून अधिक रुग्ण येतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातील गर्दी त्या मानाने किरकोळ वाटते. परंतु तेथे ती गर्दी सांभाळणारा डॉक्टर पुष्कळदा एकटाच असतो.

या भेटीची नोंद नेमकी कोठे राहते? बहुतेक ठिकाणी याचे उत्तर 'रुग्णाच्या पिशवीत' असेच आहे. केसपेपर रुग्ण घरी नेतो, तो पावसात भिजतो, घडीवर फाटतो, स्थलांतरात हरवतो. पुढच्या खेपेस नवा केसपेपर निघतो आणि मागचा इतिहास रुग्णाच्या स्मरणशक्तीवर सोपवला जातो. 'पांढरी गोळी होती, सकाळी घ्यायची' एवढ्या माहितीवर डॉक्टरने पुढील उपचार ठरवायचे असतात.

या उणिवेला कायद्याच्या रचनेनेही काहीसा हातभार लावला आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारविषयक विनियमांनी उपचाराच्या प्रारंभापासून तीन वर्षे अभिलेख जपण्याचे बंधन डॉक्टरांवर घातले, ते आंतररुग्णांच्या, म्हणजे दाखल झालेल्या रुग्णांच्या बाबतीत. रुग्णाने अभिलेख मागितल्यास तो ७२ तासांत द्यावा, अशीही तरतूद त्यांत आहे. शीघ्र शोध घेता यावा म्हणून अभिलेखांचे संगणकीकरण करण्याचा प्रयत्न व्हावा, हे वाक्यही याच विनियमांत आढळते. म्हणजे संगणकीकरणाची अपेक्षा कागदोपत्री दोन दशकांहून जुनी आहे. ओपीडीतील नोंद जपण्याचे बंधन मात्र त्यावेळी कोणी स्पष्टपणे घातले नाही.

अर्थकारणाची बाजूही लक्षात घेतली पाहिजे. आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचे संरक्षण प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच्या उपचारांना आहे. दाव्याची रक्कम मिळवायची तर कागदपत्रे हवीत, म्हणून दाखल रुग्णांच्या नोंदी सुधारण्यास रुग्णालयांना आर्थिक कारण मिळाले. ओपीडीत असे कारण नाही. तेथील औषधे व तपासण्यांचा खर्च मोठ्या प्रमाणात कुटुंबाच्या खिशातूनच होतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्य खर्चातील नागरिकांच्या स्वतःच्या खिशातील वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांपर्यंत खाली आला. घट मोठी आहे, पण उरलेला भार हलका नाही. जुना अहवाल सापडत नाही म्हणून तीच रक्ततपासणी पुन्हा करावी लागली, की त्या भारात आणखी थोडी भर पडते. आणि हा खर्च रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला सर्वांत अधिक जाणवतो.

पडद्यामागील कागद

ओपीडीच्या नोंदी संगणकावर नेण्याचे प्रयत्न अर्धशतकापूर्वीच सुरू झाले. अमेरिकेतील बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात डॉ. ऑक्टो बार्नेट यांच्या प्रयोगशाळेने 'कॉस्टार' नावाची प्रणाली विकसित केली. १९६९ मध्ये सुरू झालेल्या हार्वर्ड कम्युनिटी हेल्थ प्लॅनच्या दवाखान्यांसाठी ती मुख्यतः तयार झाली होती. याच प्रयोगशाळेत जन्मलेल्या 'मम्प्स' या संगणकीय भाषेचा वारसा आजही अनेक रुग्णालयीन प्रणालींत टिकून आहे.

कॉस्टारची एक गोष्ट आज मुद्दाम आठवण्याजोगी आहे. तेथे डॉक्टर कळफलकाला हातही लावत नसत. छापील तक्त्यावर ते खुणा करीत, मोजके शब्द लिहीत; नोंदणी कर्मचारी तो मजकूर नंतर संगणकात भरत. रुग्णाच्या पुढील भेटीआधी संगणक त्याच्या प्रकृतीचा सारांश छापून देई. डॉक्टरच्या हाती शेवटी कागदच येई, पण तो नीट लावलेला आणि वाचता येणारा असे. संगणकीकरण म्हणजे प्रत्येक डॉक्टरसमोर पडदा, हे समीकरण पुढच्या काळातले आहे.

दुसरा प्रयोग इंडियानापोलिस येथील रिगेनस्ट्रिफ संस्थेचा. डॉ. क्लेमंट मॅकडोनाल्ड यांनी १९७२ मध्ये मधुमेहाच्या ओपीडीपासून त्याचा प्रारंभ केला. नोंदी साठवून थांबायचे नाही, तर त्या वाचून संगणकाने डॉक्टरला आठवण करून द्यावी, अशी त्यामागील कल्पना होती. अमुक औषध चालू आहे, तेव्हा अमुक तपासणी करा. अमुक आकडा वाढला आहे, तेव्हा मात्रा पाहा, अशा त्या सूचना असत. १९७६ मध्ये त्यांनी या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सूचना मिळाल्या तेव्हा डॉक्टरांनी दखल घेण्याजोग्या प्रसंगांपैकी ५१ टक्के प्रसंगी कृती केली. सूचना नसताना त्याच डॉक्टरांचे प्रमाण २२ टक्के होते. चुका अज्ञानामुळे होत नव्हत्या. माहितीचा भार माणसाच्या लक्षात राहण्याच्या मर्यादेपलीकडे गेला होता, असा त्याचा अर्थ मॅकडोनाल्ड यांनी लावला. संगणकीकृत रुग्णनोंदीच्या बाजूने आजवर झालेल्या युक्तिवादांपैकी हा सर्वांत भक्कम म्हणावा लागेल, कारण तो कागद वाचवण्याबद्दल किंवा रांग कमी करण्याबद्दल नसून उपचारांच्या गुणवत्तेबद्दल आहे.

नोंद म्हणजे काय?

संगणकीकृत रुग्णनोंद म्हणजे केसपेपरचे छायाचित्र नव्हे. छायाचित्र साठवता येते. त्यातून 'गेल्या तीन भेटींतील रक्तदाब दाखवा' असे विचारता येत नाही. नोंदीतील माहिती सुट्या, अर्थ ठरलेल्या घटकांत असावी लागते. त्यासाठी तीन प्रश्न सोडवावे लागतात.

पहिला प्रश्न ओळखीचा. समोरची व्यक्ती कोण, आणि ती पूर्वी आली होती का? भारतात हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. एकाच नावाची रोमन लिपीतील स्पेलिंगे अनेक, वय अंदाजाने सांगितलेले, लग्नानंतर बदललेले आडनाव, दक्षिणेत आद्याक्षर तर उत्तरेत उपनाव. परिणामी एकाच व्यक्तीचे तीन नोंदणी क्रमांक तयार होतात आणि तिचा इतिहास तीन तुकड्यांत विभागला जातो. याच्या उलट चूक, म्हणजे दोन व्यक्तींची नोंद एक होणे, अधिक घातक असते. एकाची औषधाची ॲलर्जी दुसऱ्याच्या नावावर चढते.

दुसरा प्रश्न भाषेचा. एक डॉक्टर 'मधुमेह' लिहितो, दुसरा 'शुगर', तिसरा केवळ 'डीएम'. संगणकासाठी हे तीन भिन्न शब्द आहेत. म्हणून संकेतावली लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत, म्हणजे आयसीडी-१० मध्ये, दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाला 'ई ११' आणि प्राथमिक उच्च रक्तदाबाला 'आय १०' हे संकेत आहेत. हे वर्गीकरण आकडेवारीसाठी उत्तम. रुग्णाच्या तक्रारीचे बारकावे नोंदवायला ते अपुरे पडते. त्यासाठी स्नोमेड सीटी ही विस्तृत परिभाषावली वापरतात. भारत २०१४ मध्ये तिच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा सदस्य झाला आणि देशाचे राष्ट्रीय वितरण केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे. प्रयोगशाळेतील तपासण्यांसाठी 'लॉइंक' ही संकेतावली आहे. तिचा आरंभ १९९४ मध्ये वर उल्लेखिलेल्या रिगेनस्ट्रिफ संस्थेतच झाला. क्ष-किरण व अन्य प्रतिमांसाठी 'डायकॉम' हे मानक आहे.

तिसरा प्रश्न देवाणघेवाणीचा. एका प्रणालीतील नोंद दुसरीला वाचता आली पाहिजे. हे काम 'एचएल सेव्हन' या संघटनेची मानके करतात. त्यांतील अलीकडचे 'फायर' हे मानक भारताने आपल्या राष्ट्रीय आराखड्यात स्वीकारले आहे.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०१३ मध्ये इलेक्ट्रॉनिक आरोग्य अभिलेखांची मानके प्रथम जाहीर केली आणि डिसेंबर २०१६ मध्ये सुधारित मानके अधिसूचित केली. सुधारित मानकांतील मालकीविषयक भूमिका परीक्षेच्या दृष्टीने आणि एरवीही महत्त्वाची आहे. रुग्णालयाने तयार केलेला अभिलेख रुग्णालयाकडे असतो तो रुग्णाच्या वतीने विश्वस्त म्हणून. त्यातील माहिती रुग्णाची असते. वैद्यकीय आस्थापना अधिनियम, २०१० अन्वये केलेल्या २०१२ च्या नियमांत प्रत्येक रुग्णाचा इलेक्ट्रॉनिक अभिलेख ठेवण्याची अट आहे. मात्र सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील विषय असल्याने हा अधिनियम सर्व राज्यांना आपोआप लागू होत नाही. ज्यांनी तो स्वीकारला तेथेच तो चालतो, आणि तेथेही या अटीची अंमलबजावणी शिथिलच राहिली आहे.

गनियारीचा दवाखाना

शासकीय रुग्णालयांत राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची 'ई-हॉस्पिटल' आणि सी-डॅकची 'ई-सुश्रुत' या प्रणाली पुष्कळ ठिकाणी चालतात. डिजिटल इंडिया कार्यक्रमाबरोबर १ जुलै २०१५ रोजी ऑनलाइन नोंदणी सेवा सुरू झाली आणि घरबसल्या ओपीडीची वेळ घेण्याची सोय झाली. या प्रणालींनी नोंदणी, शुल्क आणि प्रयोगशाळेचे अहवाल यांत निश्चित सुधारणा घडवली. पण डॉक्टरच्या टेबलावर काय घडले, म्हणजे निदान, तपासणीतील निरीक्षणे, मात्रेतील बदल, हे अनेक रुग्णालयांत कागदावरच राहिले. खिडकीवरचे संगणकीकरण आणि उपचारांचे संगणकीकरण या दोन भिन्न गोष्टी आहेत.

दुसऱ्या प्रकारचे उदाहरण पाहायचे तर छत्तीसगढमध्ये जावे लागते. बिलासपूरजवळच्या गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोग ही संस्था ग्रामीण व आदिवासी रुग्णांसाठी दवाखाना आणि रुग्णालय चालवते. रुग्ण दूरच्या वनक्षेत्रातून, शेजारच्या मध्य प्रदेशातूनही येतात. एवढा प्रवास करून आलेल्या माणसाला 'जुना कागद आणा, उद्या या' असे सांगणे म्हणजे उपचार नाकारण्यासारखेच होय. या संस्थेच्या गरजा समोर ठेवून थॉटवर्क्स कंपनीच्या अभियंत्यांनी 'बाह्मनी' ही मुक्त स्रोत प्रणाली बांधली. नोंदणीच्या वेळी रुग्णाचे छायाचित्र घेता येते, त्यामुळे नावाच्या स्पेलिंगवर सारी भिस्त राहत नाही. निरीक्षणे, प्रयोगशाळा, औषधभांडार आणि देयक हे एका प्रवाहात येतात. इंटरनेट नसले तरी आवारातील स्थानिक जाळ्यावर ती चालवता येते, ही सोय ग्रामीण भारतात चैनीची नव्हे.

बाह्मनीच्या मुळाशी 'ओपनएमआरएस' ही रुग्णनोंद प्रणाली आहे. २००४ मध्ये आफ्रिकेतील एचआयव्ही व क्षयरोग कार्यक्रमांसाठी ती उभी राहिली. आणि ती उभारणाऱ्यांत पार्टनर्स इन हेल्थ या संस्थेसोबत पुन्हा रिगेनस्ट्रिफ संस्थाच होती. मधुमेहाच्या एका ओपीडीतील प्रयोग केनियामार्गे बिलासपूर जिल्ह्यातील दवाखान्यात पोहोचला, असे म्हटले तर ते फारसे वावगे ठरणार नाही. मुक्त स्रोत असल्याने आज इतर देशांतील रुग्णालयेही बाह्मनी वापरतात.

कमी विचारणारी नोंद

भारतातील दुसरा उद्बोधक अनुभव उच्च रक्तदाबाचा आहे. भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम नोव्हेंबर २०१७ मध्ये पंजाब, केरळ, मध्य प्रदेश, तेलंगणा आणि महाराष्ट्र या पाच राज्यांतील निवडक जिल्ह्यांत सुरू झाला. या रोगात रुग्णाला त्रास जाणवत नाही, म्हणून तो परत येत नाही. आणि तो आला नाही हे कागदी वहीतून कळत नाही. वही आलेल्यांची नोंद ठेवते, न आलेल्यांची नाही. पंजाब, महाराष्ट्र आदी राज्यांत या उपक्रमात 'सिंपल' हे भ्रमणध्वनीवरील उपयोजन वापरात आले. रुग्णाकडे संकेतचौकट छापलेले छोटे कार्ड असते. परिचारिका ते स्कॅन करते, रक्तदाबाचे दोन आकडे भरते, औषधे तपासते आणि पुढील तारीख निश्चित करते. तारीख उलटून गेलेल्यांची यादी उपयोजन स्वतःच तयार करते; त्या यादीवरून दूरध्वनी केले जातात.

येथे नोंदीची गुणवत्ता ती किती कमी विचारते यात आहे. सर्व काही विचारणारा चाळीस रकान्यांचा तक्ता आखणे कार्यालयात बसून सोपे असते. गर्दीच्या दिवशी त्यातील तीस रकाने रिकामे राहतात किंवा, त्याहून वाईट म्हणजे, अंदाजाने भरले जातात.

राष्ट्रीय जोडणी

वेगवेगळ्या दवाखान्यांतील नोंदी एका धाग्यात ओवण्याचे काम आयुष्मान भारत डिजिटल मिशनचे. राष्ट्रीय आरोग्य धोरण, २०१७, नीती आयोगाचा २०१८ चा आरोग्य संचविषयक प्रस्ताव आणि २०१९ चा राष्ट्रीय डिजिटल आरोग्य आराखडा ही त्याची पूर्वतयारी होय. १५ ऑगस्ट २०२० रोजी केंद्रशासित प्रदेशांत प्रायोगिक प्रारंभ झाला आणि २७ सप्टेंबर २०२१ रोजी मिशन देशभर लागू झाले. फेब्रुवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने पाच वर्षांसाठी १,६०० कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली. राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण त्याची अंमलबजावणी करते. नागरिकाचे 'आभा' खाते, आरोग्य व्यावसायिकांची नोंदवही आणि आरोग्य सुविधांची नोंदवही हे त्याचे तीन पाये आहेत. आभा क्रमांक १४ अंकी असून तो घेणे ऐच्छिक आहे.

या रचनेबद्दल एक गैरसमज वारंवार आढळतो. सर्व भारतीयांच्या आरोग्यनोंदी दिल्लीतील एखाद्या महासंगणकात जमा होतात, असे नाही. रचना संघीय आहे: नोंद जेथे तयार झाली तेथेच राहते. दुसऱ्या डॉक्टरला ती हवी असल्यास संमती व्यवस्थापकामार्फत विनंती जाते, रुग्ण आपल्या भ्रमणध्वनीवर ती मान्य करतो, कोणती माहिती व किती काळासाठी हे ठरवतो, आणि मगच माहिती सांकेतिक स्वरूपात पुढे जाते. दिलेली संमती मागेही घेता येते.

ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय व सुचेता कृपलानी रुग्णालयात 'स्कॅन आणि शेअर' सेवा सुरू झाली. रुग्ण खिडकीवरील संकेतचौकट स्कॅन करतो, त्याचा तपशील नोंदणी कक्षात पोहोचतो आणि टोकन मिळते. ही सेवा पुढे देशभरातील रुग्णालयांत पसरली व लोकप्रियही झाली. तिच्यामुळे रांग आखूड झाली, हे खरे. पण ती पुन्हा खिडकीचीच सुधारणा आहे, हेही तितकेच खरे. २०२५ पर्यंत देशात ७० कोटींहून अधिक आभा क्रमांक तयार झाले. हा आकडा उत्तरपत्रिकेत लिहिताना एक सावधगिरी बाळगावी: क्रमांक असणे म्हणजे त्यामागे वापरण्याजोगी नोंद असणे नव्हे. लहान खाजगी दवाखाने, जेथे देशातील बाह्यरुग्णांचा मोठा वाटा जातो, ते जोपर्यंत निदान व औषधे संगणकावर नोंदवत नाहीत तोपर्यंत जोडण्यासारखे फारसे काही असणार नाही. हे ओळखूनच जानेवारी २०२३ पासून डिजिटल आरोग्य प्रोत्साहन योजना लागू करण्यात आली. जोडल्या गेलेल्या नोंदींच्या संख्येनुसार रुग्णालयांना व संगणकप्रणाली पुरवणाऱ्यांना ती आर्थिक साहाय्य देते.

गोपनीयता आणि बिघाड

पिशवीतील केसपेपर हरवला तर एका रुग्णाचे नुकसान होते. संगणकाचे तसे नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. शासनाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद करण्यात आली. ही माहिती नंतर परत मिळवता आली, तरी नोंदणीपासून प्रयोगशाळेपर्यंतची कामे कित्येक दिवस हाताने करावी लागली. ज्या रुग्णालयात हाताने काम करण्याची सवयच मोडलेली असते तेथे असे दिवस किती कठीण जात असतील, याची कल्पना करता येते. म्हणून प्रतिलिपी वेगळ्या ठिकाणी ठेवणे आणि वीज किंवा जाळे बंद पडल्यास वापरायचे छापील तक्ते तयार ठेवणे, हा प्रणालीचाच भाग मानला पाहिजे.

माहितीच्या दुरुपयोगाचा धोका वेगळा. एचआयव्ही, मानसिक आजार, गर्भपात यांसंबंधीची नोंद चुकीच्या हाती पडली तर नोकरी, विवाह, प्रतिष्ठा सारेच पणाला लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. आरोग्यमाहितीसाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, पण त्याचा कायदा झाला नाही. पुढे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ संमत झाला. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखालील २०११ च्या नियमांनी वैद्यकीय अभिलेखांना 'संवेदनशील' माहितीचा दर्जा दिला होता. २०२३ च्या अधिनियमात अशी स्वतंत्र वर्गवारी नाही. सर्व वैयक्तिक माहिती एकाच मापाने मोजली जाते. आरोग्यक्षेत्रासाठी हे पुरेसे आहे का, हा प्रश्न खुला आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते ते पुरेसे नाही.

संमतीचा प्रश्नही कायद्याच्या भाषेत सुटतो तितका ओपीडीत सुटत नाही. ज्या स्त्रीचा भ्रमणध्वनी पतीच्या हातात असतो तिची संमती नेमकी कोण देते? रांगेत उभ्या असलेल्या वृद्धाला 'आभा काढा, मग टोकन' असे सांगितले गेले, तर ऐच्छिकता कोठे राहिली?

दोन मिनिटांचे गणित

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६७ देशांच्या एका आढाव्यात प्राथमिक सेवेतील डॉक्टर-रुग्ण भेटीचा सरासरी कालावधी दिला आहे. स्वीडनमध्ये तो साडेबावीस मिनिटे, बांगलादेशात ४८ सेकंद आणि भारतात जेमतेम दोन मिनिटांच्या आसपास होता. या दोन मिनिटांत डॉक्टरने रुग्णाचे ऐकायचे, तपासायचे, निर्णय घ्यायचा आणि त्यावर टंकलेखनही करायचे, ही अपेक्षा अवास्तव आहे. ती लादली की डॉक्टर पडद्याकडे पाहतो, रुग्णाकडे नाही. किंवा प्रत्येकाच्या नावापुढे तेच निदान चिकटवतो.

मार्ग उपलब्ध आहेत. वजन, रक्तदाब, तक्रार या गोष्टी परिचारिकेने आधीच नोंदवाव्यात. नेहमीच्या औषधांचे संच तयार असावेत. डॉक्टरने कागदावर खुणा करून कर्मचाऱ्याने ती नोंद भरण्याची बोस्टनची जुनी पद्धतही त्याज्य मानू नये. आवाजावरून मजकूर तयार करणारी साधने आता भारतीय भाषांतही येत आहेत. मात्र गोंगाटाच्या ओपीडीत औषधाचे नाव एका अक्षराने चुकले तरी अनर्थ होऊ शकतो, म्हणून डॉक्टरने वाचून मान्य केल्याखेरीज असा मजकूर नोंदीत जाऊ देता कामा नये. या प्रत्येक उपायाला माणूस लागतो. संगणकासाठी अनुदान मिळते, माहिती भरणाऱ्या कर्मचाऱ्याचे पद मात्र सहजासहजी मंजूर होत नाही. आणि बऱ्याच दवाखान्यांत खोक्यातून बाहेर न निघालेल्या यंत्रांचे कारण तेच असते.